परत फोनची वही : कोल्हापुरातल्या एका कोविड हेल्पलाइनच्या नोंदी

दुसऱ्या लाटेत पेठेतल्या आम्ही काही जणांनी टेलिफोन हेल्पलाइन चालवली. पुढे कुठल्या गावात, कुठल्या साथीत कुणावर ही वेळ आली तर आमचे जे दिवस वाया गेले ते त्यांचे जाऊ नयेत, म्हणून त्या वेळच्या नोंदी इथे देतोय. नंबर, दर आणि नियम २०२१ चे आहेत. माणसं ओळखू येतील असे तपशील काढले आहेत.

१९ एप्रिल २०२१

आजपासून सुरू. तालमीच्या वरच्या मजल्यावरची खोली, दोन टेबलं, दोन साधे बटणांचे फोन, एक जाड वही. दोन्ही फोन मिळून अडीच हजारांच्या आत बसले. रिचार्ज दर सिमला अडीचशेच्या आसपास, अठ्ठावीस दिवस चालतं. फोन उचलायला मंडळाचे कार्यकर्ते, फार्मसीला शिकणारी पोरं-पोरी आणि एक निवृत्त सिस्टर. सिस्टरांना सगळे ताईच म्हणतात. त्यांच्या मागे ओपीडी संपल्यावर वेळ देणारे डॉक्टर.

आरोग्य सल्ल्याचा १०४ आहे, रुग्णवाहिकेचा १०८ आहे, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आहे, मग ही आणखी एक कशाला, असं चौघांनी तरी विचारलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेला माणूस रात्री नऊ वाजता घरात एकटा बसलेला असतो. त्याला आपल्या बोलीत, घाई न करता बोलणारं कुणीतरी हवं असतं. तेवढ्यासाठी.

पहिला नियम आजच भिंतीवर लावला: डॉक्टर सोडून कुणीही गोळीचं नाव सांगायचं नाही, अगदी तापाच्या गोळीचंही. फोनवरून औषध देण्याबाबत केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २५ मार्च २०२० पासून आहेत. त्यांप्रमाणे हे काम नोंदणीकृत डॉक्टरचंच आहे. समोरचा "नुसतं नाव सांगा की, आणतो मेडिकलमधनं" म्हणत राहतो. तरी नाही.

२२ एप्रिल

तीन दिवस लोकांची एकच तक्रार: "नंबर लागतच न्हाई." इकडे आमची पोरं म्हणतात, फोन तर वाजतच नाही. दोन्ही खरं निघालं.

पहिलं कारण, खर्च वाचवायला एका फोनमध्ये दोन सिम घातली होती. एका सिमवर बोलणं चालू असलं की दुसरं त्या वेळात नेटवर्कवर नसल्यासारखं होतं. फोन करणाऱ्याला "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" ऐकू येतं आणि तो समजतो हेल्पलाइन बंद पडली. हेल्पलाइनला एका हँडसेटमध्ये एकच सिम ठेवा. आज आणखी दोन फोन घेतले.

दुसरं कारण शोधायला पूर्ण दिवस गेला. पहिला नंबर बिझी असला की कॉल आपोआप दुसऱ्याकडे जावा म्हणून स्टार स्टार ६७ स्टार, पुढे नंबर आणि हॅश, असं फॉरवर्डिंग लावलं होतं. कॉल पुढे जाईचना. शेवटी फार्मसीच्या एका पोराच्या लक्षात आलं की कॉल वेटिंग चालू आहे. वेटिंग चालू असेल तर नेटवर्क ती लाइन बिझी धरतच नाही, मग फॉरवर्ड होणार कुठून? हॅश ४३ हॅश दाबून वेटिंग बंद केलं आणि साखळी सुरू झाली. पहिल्यावरून दुसऱ्याकडे, दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे. फोन कुणीच उचलला नाही तर काय, यासाठी स्टार स्टार ६१ चं वेगळं फॉरवर्डिंग लावावं लागतं. पुढे गेलेल्या कॉलवरही मूळ फोन करणाऱ्याचाच नंबर दिसतो, त्यामुळे वहीत नोंद बरोबर राहते. फॉरवर्ड झालेल्या पायरीचे पैसे मात्र आपल्या सिमवर पडतात. अमर्याद कॉलचं रिचार्ज सगळ्याच सिमवर हवं.

२७ एप्रिल

बेडची यादी. आठवडाभर सगळ्यात जास्त वेळ हिनेच खाल्ला. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी सकाळची असते आणि दुपारी तीनला खोटी ठरते. आम्ही दर दोन तासांनी दवाखान्यांना फोन लावायचो. तिथली रिसेप्शनवरची मुलगी रुग्ण सोडून आमचा फोन घेणार कधी? एका दवाखान्याने सरळ सांगितलं, तुमच्यासारखे दहा ग्रुप विचारतात, आम्ही काम करायचं कधी. त्यांचं बरोबर होतं.

आता असं ठरलंय. एका स्वयंसेवकाकडे ठरावीकच दवाखाने. तिथल्या एकाच माणसाशी बोलायचं, तेही सकाळचा राउंड संपल्यावर आणि संध्याकाळी, दोनदाच. यादीत प्रत्येक बेडपुढे वेळ लिहायची. फोन करणाऱ्याला सांगायचं, "साडेपाचला एक ऑक्सिजन बेड होता, आता असेलच असं नाही, निघायच्या आधी या नंबरावर विचारा." आयसीयू बेडबद्दल तर डॉक्टरच डॉक्टरांशी बोलतात. रेमडेसिविर इंजेक्शनची चौकशी आम्ही घेणंच बंद केलं. ते कुठे मिळतं ते आम्हाला माहीत नाही आणि काळाबाजार करणारे आमचाच नंबर वापरून लोकांना गाठायला लागले होते.

चंदगडकडच्या फोनचा प्रश्न वेगळा आहे. तिथून बेळगाव जवळ, कोल्हापूर शंभरेक किलोमीटर. पण कर्नाटकच्या सीमेवर कोविड निगेटिव्हचा रिपोर्ट दाखवावा लागतो आणि धाप लागलेल्या माणसाला रिपोर्टची वाट बघायला सांगता येत नाही. त्यांच्यासाठी गडहिंग्लजची यादी वेगळी केली, वहीच्या मागच्या पानावर.

२ मे

काल १ तारखेपासून १८ ते ४४ वयाच्या लोकांचं लसीकरण सुरू झालं आणि हेल्पलाइन अक्षरशः बुडाली. कोविनवर, म्हणजे लसीच्या सरकारी पोर्टलवर, स्लॉट दिसत नाही, ओटीपी येत नाही, आईच्या आधारवर आडनाव वेगळं आहे. प्रश्न सगळे खरे, पण त्यांच्यामागे रांगेत दम लागलेला माणूस अडकतो. "लसीसाठी फोन करू नका" असं सांगायचा विचार झाला, तो सोडून दिला. लस मिळेना म्हणून घाबरलेला माणूसही आमचाच. लसीसाठी वेगळा नंबर काढला आणि तो कॉलेजच्या पोरांकडे दिला, त्यांच्या घरी. मुख्य नंबरवर लसीचा प्रश्न आला की एका वाक्यात तो नंबर द्यायचा आणि ठेवायचं. (नंतरची भर) पुढे १३ मेला, कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं गेलं, तेव्हा या वेगळ्या नंबरनेच वाचवलं.

७ मे

आजची नोंद मोठी आहे.

ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी मोजणारं मशीन, आता बऱ्याच घरांत आहे. फोनवरून त्याचा आकडा बरोबर घेणं किती अवघड आहे याची कल्पना आम्हाला नव्हती. परवा एक काकू म्हणाल्या, "ऑक्सिजन एकशे बारा हाय." त्या नाडीचा आकडा सांगत होत्या. हे निदान लगेच कळतं. काल आलेला प्रकार जास्त घातक. एका घरातून "शहाऐंशी" असा आकडा आला. सगळे हादरले, रिक्षा बोलावली, निघायच्या आधी ताईंनी परत बघायला सांगितलं तर ९८. मशीनवरचे आकडे इंग्रजी आणि काड्यांचे असतात. मशीन उलट्या बाजूने वाचलं की ९८ चं ८६ दिसतं. म्हणजे ८६ चं ९८ सुद्धा दिसणार. ज्या घरांना आम्ही "अठ्ठ्याण्णव आहे, छान आहे" म्हणून निश्चिंत केलं, त्यांतल्या कुणाचं खरंच काय होतं? आज दुपारी वहीतले सगळे ९८ आणि ९९ परत फोन करून तपासले. एकही उलटा निघाला नाही. तरी ताईंचा आग्रह, प्रश्न बदलायचे.

आता प्रश्न असे. बोट गार आहे का? असेल तर चोळून गरम करा. मेंदी किंवा नेलपॉलिश लावलेलं बोट सोडून दुसरं घ्या. लग्नसराई आहे, मेंदी निम्म्या घरांत निघते. बसा, हात टेकवा, एक मिनिट थांबा. टक्क्याची खूण ज्या आकड्याजवळ आहे तो आकडा सांगा. आता दुसरा आकडा सांगा. टक्क्याजवळची अक्षरं सरळ दिसताहेत की उलटी? या शेवटच्या प्रश्नाने गोंधळ संपतो, कारण टक्क्याजवळची अक्षरं उलटी असतील तर आकडाही उलटा. घरात स्मार्टफोन असेल तर फोटोच मागवायचा.

आकडा बरा आला तरी चालवून बघायला सांगतो: घरातल्या घरात सहा मिनिटं, साठीच्या पुढच्यांना तीन. चालल्यावर ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त घसरला तर डॉक्टरांच्या फोनवर. बसून दम लागत असेल त्याला चालवायचं नाही, हे ताईंनी लाल शाईने लिहिलंय.

ऑक्सिमीटर नसलेल्या घरांत श्वास मोजतो. पेशंटला न सांगता दुसऱ्याने छातीकडे किंवा पोटाकडे बघायचं आणि प्रत्येक श्वासाला फोनवर "हं" म्हणायचं. इकडे आम्ही घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजतो. चोवीस किंवा जास्त आले तर डॉक्टर. तीसच्या वर तर थेट १०८. शाहूवाडीतल्या एका वाडीवरच्या नातवाने आजीचे श्वास असे मोजून दिले. नववीतला पोरगा. आम्ही शिकवलेल्या कुणाहीपेक्षा त्याने ते नीट केलं.

१० मे

पन्हाळा तालुक्यातलं घर. पाचवा दिवस, ९५, ताप उतरलेला. आम्ही सांगितलं होतं, कमी झालं तर फोन करा. त्यांनी केला नाही. आज मुलाचा फोन आला तेव्हा ७८ होता. मधल्या दिवसांत आकडा रोज थोडा थोडा खाली येत होता, पण "बोलतात, जेवतात, कशाला त्रास द्यायचा लोकांना" असं म्हणून ते थांबले होते. इचलकरंजीत बेड मिळाला. माणूस नाही राहिला.

या आजाराची खोड हीच आहे. ऑक्सिजन घसरतो आणि पेशंटला ते जाणवत नाही. "काही वाटलं तर फोन करा" या वाक्यावर उभी राहिलेली हेल्पलाइन नेमकं ज्याला गरज आहे त्यालाच सोडून देते. आज रात्री बसून वही नव्याने आखली. रकाने: नाव, फोन नंबर, दुसरा नंबर, गाव, रिपोर्ट कधी-कुठे, लक्षण सुरू झाल्यापासून कितवा दिवस, साखर-बीपी आहे का, आकडा, आणि शेवटचा सगळ्यात रुंद रकाना, परत फोन कधी. पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत प्रत्येकाला सकाळ-संध्याकाळ आम्ही फोन करायचा. त्यांच्या फोनची वाट बघायची नाही.

"कितवा दिवस" हा रकाना रिपोर्टच्या तारखेपासून भरू नका. लोक रिपोर्ट आला तो पहिला दिवस धरतात. "अंगात कणकण पहिल्यांदा कधी आली?" असं विचारलं की दोन-चार दिवस आणखी मागे जातात.

१५ मे

परत फोन करायचं ठरलं खरं, पण लोक उचलेनात. अनोळखी नंबर म्हणजे कर्जवाला, नाहीतर कुणीतरी बँकेच्या नावाने फसवणारा. शिवाय स्वयंसेवक आपापल्या फोनवरून करायचे, रोज वेगळा नंबर. आता परत फोनसाठी एकच सिम. पहिल्या बोलण्यातच सांगायचं, "या नंबरवरून रोज आठ वाजता फोन येईल, 'आरोग्य' म्हणून सेव्ह करा." सेव्ह करता न येणाऱ्यांना भिंतीवर किंवा कॅलेंडरवर लिहायला सांगतो.

एसएमएस पाठवून बघितले. एकगठ्ठा पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार डीएलटी या एसएमएस-नोंदणीच्या प्रणालीवर नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव, मजकुराचा नमुना, सगळं आधी मंजूर लागतं. त्यात दोन दिवस घालवून सोडून दिलं. साध्या सिमवरून दिवसाला शंभर जातात, आपल्याला तेवढे पुरे. मराठीत एका एसएमएसमध्ये सत्तरच अक्षरं बसतात, पुढे तो तुटून दोन होतात. म्हणून मजकूर छोटा: "रात्री ८ला फोन येईल. उचला. - आरोग्य हेल्पलाइन".

कॉलरट्यूनचंही सांगायला हवं. प्रत्येक परत फोनला आधी लसीचं आणि मास्कचं निवेदन ऐकावं लागतं, जवळपास अर्धा मिनिट. यादी लांब असली की तासाभरातला मोठा तुकडा यातच जातो. ट्यून सुरू झाल्यावर १ किंवा हॅश दाबलं की बऱ्याचदा थांबते. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आज रात्रीपासून जिल्ह्यात कडक लॉकडाऊन. खोली बंद करून सगळे फोन घरोघर वाटले. वही एकच होती, तिचं काय करायचं? ताईंकडे ठेवली. बाकीचे दर पाळीनंतर त्यांना फोनवर नोंदी सांगतात आणि त्या लिहून घेतात. गूगल शीटचा आग्रह पोरांनी धरला होता. दोन पाळ्यांतच कुणीतरी रकाना पुसला, म्हणून परत वहीच.

२६ मे

काल राज्याने १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचा निर्णय सांगितला. त्यात कोल्हापूर आहे. सकाळपासून लोक गावाचं नाव सांगेनात. "तुम्ही कळवणार का पंचायतीला?" घरात तिसरी खोली नसलेल्यांना कोविड सेंटरमध्ये राहणंच बरं, हे आम्हालाही पटतं. पण भीतीने फोनच बंद झाला तर त्यांच्यापर्यंत कोण पोचणार?

त्यात एक वाईट गोष्ट घडली. मदतीला आलेल्या कुणीतरी वहीच्या पानाचा फोटो एका ग्रुपवर टाकला, "या लोकांना जेवणाचा डबा पोचवा" म्हणून. हेतू चांगला. संध्याकाळपर्यंत तो फोटो त्या घरांच्या शेजाऱ्यांकडे पोचला होता. एका घराचं दूध बंद झालं. आम्ही त्या सगळ्या घरांना फोन करून माफी मागितली. आता वहीत नाव लिहीत नाही. नंबरचे शेवटचे चार आकडे आणि गाव. पूर्ण नंबर वेगळ्या वहीत, ती फक्त ताईंकडे. फोन उचलल्यावर पहिलं वाक्यही बदललं: "तुमचं नाव नको, तब्येत सांगा."

८ जून

ताईंनी आज पाळ्या दोन तासांच्या केल्या. आधी चार तासांच्या होत्या. परवा एका पोरीने परत फोन लावला आणि पलीकडून रडण्याचा आवाज आला. तिने ठेवला आणि लगेच पुढचा नंबर लावला, कारण यादी लांब होती. घरी जाऊन ती दोन दिवस बोलली नाही. आता असा फोन झाला की फोन दुसऱ्याकडे द्यायचा, घराबाहेर पडून चालून यायचं आणि ताईंशी बोलायचं. ज्यांना त्याहून जास्त लागेल त्यांच्यासाठी केंद्राची किरण ही मानसिक आरोग्याची लाइन भिंतीवर लिहिलीय, १८००-५९९-००१९.

२४ जून

१५ तारखेपासून आशाताईंचा संप होता, काल मिटला. त्या आठवड्यात आमच्याकडचे फोन वाढले, आणि रोज गावागावात या बायका किती घरं सांभाळतात ते कळलं. थर्मामीटर घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या बाईची जागा फोन घेऊ शकत नाही. त्यांना मानधन वाढवून मिळायलाच हवं होतं. संपाच्या दिवसांत आम्ही फक्त साखर असलेल्यांची आणि साठीच्या पुढच्यांची यादी धरली, बाकीच्यांना एक वेळचाच फोन. दुसरा इलाज नव्हता.

गगनबावड्याकडे रेंज नसते. तिथे "दुसरा नंबर" हा रकाना कामी आला. दुकानदार, दूध संस्थेचा सेक्रेटरी, पोलीस पाटील, जो कुणी रोज रेंजमध्ये येतो त्याचा.

२४ जुलै

महापूर. पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या केव्हाच वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग बंद, सुतारवाड्यातली घरं रिकामी केली. २०१९ चा महापूर पाहिलेला असल्याने २२ तारखेला पाणी चढायला लागलं तेव्हाच वही गावाप्रमाणे लावून घेतली. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची नदीकाठची गावं. या गावांतल्या घरी असलेल्या प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला पाणी दारात यायच्या आधी फोन केला: निघताना रिपोर्ट, औषधं आणि ऑक्सिमीटर प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्या, निवारा केंद्रात पोचल्यावर आधी सांगा की पॉझिटिव्ह आहे, वेगळी खोली मागा. लोक सांगायला घाबरत होते, तर आम्हीच तिथल्या शिक्षकांशी बोललो.

काल दुपारपासून वीज नाही. टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या की एकेक गाव गप्प होतं. बटणांचे फोन चार दिवस चार्ज धरतात, स्मार्टफोन असते तर कालच बंद पडलो असतो. एक फोन गाडीच्या बॅटरीवर लावलाय.

१२ सप्टेंबर

दिवसाला आता मोजके फोन. रात्रीची पाळी बंद केली. सगळा खर्च मांडला: फोन, रिचार्ज, वह्या, बिघडलेले दोन चार्जर मिळून पंचवीस हजारांच्या आत. पैसा कधीच अडचणीचा नव्हता. माणसं टिकवणं अवघड होतं.

वह्या जाळायच्या असं ठरवलं होतं, लोकांची माहिती आहे म्हणून. ताई म्हणाल्या, थांबा थोडं.

५ डिसेंबर

थांबलो ते बरं झालं. कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळणार आहेत, अर्ज ऑनलाइन सुरू झालेत. ज्या घरांत माणूस घरीच गेला, किंवा दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही, ती घरं चाचपडताहेत. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर दवाखान्याबाहेरचाही धरला जातो, पण चाचणी कुठे केली, कोणत्या तारखेला केली, हेच अनेकांना आठवत नाही. गडबडीत कागद हरवलेत, पुरात भिजलेत. आमच्या वहीत "रिपोर्ट कधी, कुठे" हे पहिल्या फोनच्या ओळीत आहे. वही पुरावा होत नाही, पण कुठल्या लॅबकडे, कोणत्या तारखेचा रिपोर्ट मागायचा ते सांगता येतं.

या आठवड्यापासून ताई आणि दोन पोरी त्या घरांना परत फोन करताहेत. फोन दुपारी करायचा, घरात एकटी बाई असेल तर आधी तिला बोलू द्यायचं, पैशाची गोष्ट नंतर. जवळ ठेवायला सांगायची कागदं: मृत्यूचा दाखला, आरटीपीसीआर किंवा अँटिजेनचा रिपोर्ट, अर्जदाराचं आधार, बँक खात्याचा तपशील. रिपोर्ट सापडत नसेल तर लॅबचं नाव आणि तारीख आम्ही देतो. अर्ज नाकारला गेला तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येतं, हे फोन ठेवायच्या आधी दोनदा सांगायचं. नावं वहीत नसल्याने शेवटचे चार आकडे जुळवून नंबर काढावा लागतो. वेळ लागतो, पण चालू आहे. शिरोळ आणि करवीर झाले, पन्हाळा उद्यापासून.